जुना स्कॅनर आणि ऐकण्याची उमेदवारी



वसंत व्याख्यानमालेत कामगार संघटनेच्या माणसाला बोलावतात तेव्हा विषय बहुधा ठरलेलाच असतो. कंत्राटी पद्धत, किमान वेतन, नाहीतर नव्या श्रमसंहिता. चिटणिसांच्या पत्रातही असाच एक विषय सुचविलेला होता. मी उलट लिहिले की, त्या विषयांवर मी वर्षाचे तीनशे दिवस फाटकासमोर बोलतच असतो. इथे मला एका जुन्या यंत्राविषयी बोलू द्या. त्यांनी होकार दिला, पण शेवटी एक ओळ जोडली की, विषय श्रोत्यांना समजेल असा ठेवावा. त्याची चिंता नको. मी शाळेत फार शिकलेला नाही. जे मला समजले ते चार चार वेळा विचारून समजले आहे, आणि तेवढेच मी सांगणार आहे.

यंत्राचे नाव रेडिओ-स्कॅनर. आपल्या घरातला रेडिओ एका ठिकाणी काटा लावला की तिथेच बसून गाणी ऐकवितो. स्कॅनर हा गस्त घालणारा रेडिओ आहे. रात्रीचा पहारेकरी जसा एकेका दुकानाची कडी हलवून पुढे जातो, आणि आत हालचाल ऐकू आली तरच थबकतो, तसे हे यंत्र तुम्ही नेमून दिलेल्या जागा एकामागून एक तपासते. एका सेकंदात दहा-वीस जागा सहज होतात. कुठे कोणी बोलत असेल तर ते थांबते, बोलणे संपले की पुन्हा चालू लागते. हे यंत्र मूळचे अमेरिकेतले. तिकडे १९७० च्या दशकात ते घरोघर शिरले. प्रथम प्रत्येक जागेसाठी स्फटिकाची एकेक चकती विकत घेऊन आत बसवावी लागे. दहा जागा तर दहा चकत्या. पुढे कळफलकावर आकडे दाबून जागा नेमण्याची सोय झाली, आणि मग गावच्या अग्निशामक दलाचा बंब कुठे निघाला हे स्वयंपाकघरात बसून ऐकणारी माणसे तिकडे पुष्कळ झाली. ज्या गावचे अग्निशामक दल हौशी स्वयंसेवकांचे असते, तिथे हे ऐकणे नुसती करमणूक नव्हती, कामाचेही होते.

आमच्याकडे तो आला २०१६ साली, आणि आला तो आयता. माझा भाचा व्यापारी जहाजावर नोकरीला आहे. परदेशी बंदरातल्या जुन्या बाजारात त्याने तो कोणा म्हाताऱ्याकडून घेतला, दोन वर्षे वापरला, आणि सुट्टीवर आला तेव्हा माझ्या टेबलावर ठेवून म्हणाला, "मामा, तुम्हांला लोकांचे ऐकून घ्यायची सवय आहे, तुम्हीच ठेवा." भाच्याचा हा टोमणा होता की कौतुक, ते मला अजून कळलेले नाही. खरे म्हणजे असले यंत्र परवान्यावाचून देशात आणायचे नसते, हे त्याला ठाऊक नव्हते आणि मलाही नव्हते. त्याकडे मी पुढे येतो.

जुने यंत्र हाती आले म्हणजे माणूस पहिली चूक करतो ती ही की, लगेच बटण दाबतो. मी दाबले. काही झाले नाही. मागचे झाकण उघडले तर घटांच्या घरात पांढरट-हिरवी बुरशी साचलेली. फुटलेल्या घटांतून क्षार झिरपून पितळेच्या पट्ट्या खाल्ल्या गेल्या होत्या. आमच्या संघटनेत एक इलेक्ट्रिशियन आहे. त्याने कापसाच्या बोळ्याला व्हिनेगर लावून ती साफ केली, मग स्पिरिटने पुसली, आणि पट्ट्या बारीक कानशीने घासून चकचकीत केल्या. घरात व्हिनेगर नसेल तर लिंबाचा रस चालतो. घट क्षाराचे, म्हणून औषध आंबट, हे त्याने मला सांगितले आणि माझी रसायनशास्त्राची तेवढीच इयत्ता पुरी झाली.

दुसरी चूक त्याने होऊ दिली नाही. मी बाजारातून बारा व्होल्टचा एक स्वस्त अडॅप्टर आणला होता. त्याने मीटर लावून दाखविले तेव्हा काटा सतराच्या पुढे गेला. असल्या हलक्या अडॅप्टरवर जो आकडा छापलेला असतो तो पुरा भार असतानाचा; भार नसला की दाब चढतो. शिवाय टोकाच्या मधल्या खिळीत धन आहे की ऋण, हे यंत्रावरच्या लहानशा चित्राशी ताडून पाहावे लागते. उलटे जोडले तर यंत्राची राख. तेव्हा ज्याला जुना रेडिओ कोणी दिला असेल त्याने पहिल्या दिवशी नवे घट घालून चालवावा आणि भिंतीच्या विजेला हात लावू नये.

तिसरी चूक मात्र माझीच, आणि ती आठ दिवस चालली. यंत्र उजळले, आकडे धावू लागले, पण आवाज म्हणून नाही. मला वाटले बिघडले आहे. झाले होते असे की, स्क्वेल्च नावाचा एक खटका असतो, तो पहिल्या मालकाने पार बंद करून ठेवला होता. लहरी नसतील तेव्हा रेडिओ जो खरखराट करतो तो दाबून टाकण्यासाठी हा खटका असतो. त्याला दारावरचा शिपाई समजा. फार कडक केला तर कोणालाच आत सोडत नाही, मोकळा सोडला तर सगळा बाजार आत येतो आणि यंत्र गस्त घालायचे सोडून पहिल्याच दारात उभे राहते. योग्य जागा कोणती? खरखर ऐकू येईपर्यंत मोकळा करा, मग ती जेमतेम थांबेल इतपतच फिरवा, वर आणखी केसभर. एवढेच. पण हे सांगणारे कोणी नसेल तर चांगले यंत्र भंगारात जाते. भंगारात गेलेल्या निम्म्या वस्तूंचे असेच असावे असे मला वाटते.

चौथी गोष्ट बोलण्याच्या तऱ्हेची. लहरीवर आवाज चढविण्याच्या दोन पद्धती आहेत. एकीत लहरीची उंची कमीजास्त होते, दुसरीत तिची आंदोलने कमीजास्त होतात. पहिलीला ए. एम. म्हणतात, दुसरीला एफ. एम. विमाने आणि विमानतळ आजही पहिलीच पद्धत वापरतात. त्यामुळे दोन विमाने एकाच वेळी बोलली तर एकाने दुसऱ्याचा आवाज पार गिळून टाकला असे होत नाही, शिट्टीसारखा आवाज होऊन गोंधळ झाल्याचे निदान कळते. जहाजे, हातातले वॉकीटॉकी, हौशी रेडिओवाले दुसरी वापरतात. यंत्राला चुकीच्या पद्धतीवर ठेवले तर माणूस तोंडात सुपारी धरून बोलतो आहे असे वाटते.

इथवर सारे यंत्राविषयी झाले. आता जे सांगायचे आहे ते सांगायला मला सोपे जात नाही, पण ते वगळले तर बाकीच्याला अर्थ नाही.

त्याच वर्षी पावसाळा संपता संपता एका कारखान्यात टाळेबंदी झाली. आमची माणसे फाटकाबाहेर तंबू ठोकून बसली होती. आतले रखवालदार एका कंत्राटदाराचे होते आणि त्यांच्या हातांत वॉकीटॉकी होते. एका रात्री तंबूतला एक तरुण पोरगा म्हणाला, "अण्णा, तुमच्याकडे ते यंत्र आहे ना? आत काय शिजतंय ते ऐकू या." मी नको म्हणायला हवे होते. मी म्हटले नाही. मलाही ऐकायचे होते. यंत्र आणले, शोध लावला, आणि पाच-सात मिनिटांत ते नेमके त्यांच्यावर येऊन थांबले.

आम्हांला वाटले होते की, माल कुठल्या वाटेने बाहेर काढणार, पोलीस कधी बोलावणार, असले काही ऐकू येईल. तसले काहीच नव्हते. मागच्या फाटकावरचा एक जण विचारीत होता की, माझ्या बदलीचा माणूस अजून कसा आला नाही, मी सकाळी सहापासून उभा आहे. उत्तर आले की, सकाळपर्यंत थांब, जमत नसेल तर उद्यापासून येऊ नकोस. थोड्या वेळाने तोच पुन्हा म्हणाला की, घरी पोराला ताप आहे. त्यावर कोणी काही बोलले नाही. मग कोणी चहाचे विचारले. पोरे प्रथम हसत होती, मग गप्प झाली. ज्यांना आम्ही रोज फाटकावर मालकाची माणसे म्हणून शिव्या देत होतो, त्यांतला एक जण चोवीस तास उभा होता, आणि ते त्याने आम्हांला सांगितलेले नव्हते.

दुसऱ्या दिवशी मी मागच्या फाटकावर गेलो आणि विचारले, "बाबा, ड्यूटी किती तासांची?" तो समोर बघत म्हणाला, "आठ." ते खोटे आहे हे मला ठाऊक होते, कसे ठाऊक आहे हे मला सांगता येत नव्हते. बत्तीस-पस्तीस वर्षे मी कामगारांत काम करतो आहे. माणसाचे दुःख कळले म्हणजे निम्मे काम झाले असे मी समजत आलो. त्या दिवशी दुःख कळले होते आणि हात बांधलेले होते.

खरी गोष्ट पुढे झाली. तिसऱ्या दिवशी तंबूतला तो पोरगा, मनाने चांगलाच पोरगा, त्या रखवालदाराला जाताजाता म्हणाला, "पोराचा ताप उतरला का हो?" जवळ त्यांचा मुकादम उभा होता. त्या माणसाच्या चेहऱ्यावरचे रक्त उतरलेले मी पाहिले. त्याच संध्याकाळी त्याला फाटकावरून काढले. आतली बातमी युनियनला पुरवितो, असा त्याच्यावर वहीम आला होता. मी कंत्राटदाराच्या ऑफिसात जाऊन सांगितले की, या माणसाने आम्हांला एक शब्द सांगितलेला नाही. त्यांनी विचारले, मग तुम्हांला कळले कसे? मी यंत्राचे सांगितले असते तर कदाचित त्याची नोकरी वाचली असती. मी क्षणभर विचार केला आणि बोललो नाही. चालू लढ्यात संघटनेवर खटला ओढवेल, अशी माझ्या मनाची समजूत मी घातली. ती समजूत किती खरी आणि किती भेकडपणाची, हे मी आजही ठरवू शकलेलो नाही. मग त्याला पुष्कळ शोधले. त्याचे नाव मला माहीत नाही. आवाज मात्र ओळखीन.

टाळेबंदी उठल्यावर मी यंत्र घेऊन आमच्या तारमास्तरांकडे गेलो. ते तारखात्यातून निवृत्त झालेले, त्यांच्या संघटनेतले जुने कार्यकर्ते, आणि तरुणपणापासून परवानाधारक हौशी रेडिओवाले, म्हणजे ज्यांना हॅम म्हणतात त्यांतले. मी सगळे सांगितले. ते रागावले नाहीत, ते फार वेळ गप्प बसले, आणि ते रागावण्यापेक्षा वाईट होते. मग म्हणाले, "अरे, माझ्या हातांतून तीस वर्षे लोकांच्या मरणाच्या, लग्नाच्या, दिवाळखोरीच्या तारा गेल्या. मजकूर हातांतून जायचा, तोंडातून कधी गेला नाही. आमच्यावर तसा कायदाच होता, पण कायदा नसता तरी गेला नसता." तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली, तो दिवस त्यांनी उपास करून काढला होता.

कायद्याचे त्यांनी मला नीट समजावून दिले. आपल्याकडे १९३३ च्या बिनतारी कायद्याप्रमाणे परवान्यावाचून बिनतारी यंत्र बाळगणे हाच गुन्हा होता. नुसते ऐकणारे यंत्रही त्यात येई. तुमच्यांतल्या वडीलधाऱ्यांना आठवत असेल, घरच्या साध्या रेडिओलाही पोस्टात जाऊन पैसे भरून पुस्तकावर तिकीट लावून घ्यावे लागे. लहानपणी वडिलांबरोबर मी त्या रांगेत उभा राहिलेलो आहे. १९८० च्या दशकात ती घरगुती रेडिओची अट गेली, म्हणून लोकांना वाटते की, सगळ्याच रेडिओंची गेली. तसे नाही. आता २०२३ चा दूरसंचार कायदा आला आहे, आणि दुसऱ्याचा संदेश बेकायदा अडवून ऐकण्याबद्दल त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन कोटी रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. २०२४ पासून ते कलम लागू आहे. स्कॅनर जिथे मुक्त विकतात त्या देशांतही हात मोकळा नाही. अमेरिकेत १९९४ पासून मोबाइल फोनचा पट्टा ऐकू शकणारे स्कॅनर बनवायला आणि आयात करायला बंदी झाली. इंग्लंडमध्ये यंत्र विकत घेता येते, पण आपल्यासाठी नसलेला संदेश मुद्दाम ऐकणे हा २००६ च्या कायद्याने गुन्हा आहे.

पण श्रोतेहो, मी संघटनेचा माणूस. कायदा आहे म्हणून गप्प बसायची आम्हांला सवय नाही. म्हणून कायद्यापलीकडचे सांगतो. आमचे फोन चोरून ऐकले जातात अशी तक्रार आम्ही जन्मभर करीत आलो. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने फोन चोरून ऐकणे म्हणजे माणसाच्या खाजगी जीवनावर घाला आहे असे सांगितले, २०१७ साली खाजगीपणाचा हक्क हा मूलभूत हक्कच आहे असा निर्णय दिला. त्या निर्णयांची कात्रणे मी कार्यालयाच्या भिंतीवर लावली होती. आणि त्याच भिंतीखाली मी यंत्र ठेवले होते.

मास्तरांनी यंत्र स्वतःच्या कपाटात ठेवून घेतले. म्हणाले, "परीक्षा दे. पास झालास की घेऊन जा. तोवर माझ्या परवान्याच्या छपराखाली, मी शेजारी असताना ऐकायचे." पन्नाशीला टेकलेल्या माणसाने ओहमचा नियम पाठ करायचा म्हणजे काय, ते माझ्या बायकोला विचारा. रोज संध्याकाळी सभा उरकून मी त्यांच्या गच्चीवर जाऊ लागलो, आणि माझी उमेदवारी सुरू झाली.

पहिला धडा गणिताचा. तीनशेला कंपनसंख्येने, म्हणजे मेगाहर्ट्झच्या आकड्याने, भागले की लहरीची लांबी मीटरांत येते. त्या लांबीचा चौथा हिस्सा एवढी तार म्हणजे साधा एरियल. भारतात हौशी रेडिओवाल्यांना १४४ ते १४६ मेगाहर्ट्झचा एक पट्टा दिलेला आहे. पंचाहत्तरला १४५ ने भागा, जेमतेम ५२ सेंटिमीटर येतात. तारेसाठी शेकडा पाच कमी धरायचे, म्हणजे ४९. जाड तांब्याची तेवढी तार सरळ करून यंत्राच्या तोंडाला बसविली आणि यंत्राबरोबर आलेला रबरी दांडा बाजूला ठेवला, तर जे आवाज कुजबुजत होते ते बोलू लागले. चार पैशांची तार. नवशिक्या माणसाला मी हेच सांगेन की, यंत्र बदलण्याआधी तार बदला, आणि तार बदलण्याआधी गच्चीवर जा.

गच्चीवर का, हा दुसरा धडा. या उंच कंपनसंख्येच्या लहरी साधारणपणे नजरेसारख्या सरळ जातात. पृथ्वीच्या वळणामागे उतरत नाहीत. किती लांबचे ऐकू येईल याचा एक हिशेब आहे. उंचीचे मीटर घ्या, त्यांचे वर्गमूळ काढा, चाराने आणि थोड्या वरच्याने गुणा, नेमके सांगायचे तर ४.१२ ने, उत्तर किलोमीटरांत येते. दहा मीटर उंच गच्चीला तेरा किलोमीटर. दहा हजार मीटर उंचीवरच्या विमानाला चारशे बारा. म्हणून विमानाचा आवाज लांबच्या माणसालाही पोचतो, आणि त्याला उत्तर देणारा विमानतळ जवळ असूनही टेकडीआड गेला तर पोचत नाही. हौशी मंडळी डोंगरमाथ्यावर पुनःप्रक्षेपक बसवितात तेही याचसाठी: खालच्याने हाक मारायची, डोंगराने ती पुढे द्यायची.

आणि तिसरा धडा, ज्यासाठी मी हे सगळे सांगतो आहे. एका संध्याकाळी यंत्र थांबले, आणि एक माणूस इंग्रजीतली दोन अक्षरे पुन्हापुन्हा म्हणत होता: सी क्यू, सी क्यू. मास्तरांनी विचारले, "तो कोणाला बोलावतो आहे?" मी म्हटले, मला काय माहीत. ते म्हणाले, "तुला. ज्याला ऐकू येईल त्याला. सी क्यू म्हणजे सर्वांना हाक." हौशी रेडिओवर सांकेतिक, गुप्त भाषेत बोलायला बंदी आहे, जे बोलायचे ते उघड बोलावे लागते. धंद्याचे बोलता येत नाही, पैसे घेऊन कोणाचा निरोप पोचविता येत नाही. म्हणजे सबंध पट्टाच असा की, तिथे ऐकणारा चोर नसतो, पाहुणा असतो. त्यावर काय बोलतात? बहुतेक वेळा हवामान, एरियल, गुडघेदुखी. पण २६ डिसेंबर २००४ रोजी त्सुनामीने अंदमानचे टेलिफोन तोडले तेव्हा तिथे आधीच गेलेल्या भारती प्रसाद आणि त्यांच्या हौशी सहकाऱ्यांनी याच गुडघेदुखीवाल्या यंत्रांवरून मुख्य भूमीशी संपर्क राखला, लोकांच्या खुशालीचे निरोप पोचविले.

भाच्याला मी हे फोनवर सांगितले तेव्हा तो म्हणाला, "मामा, आमच्या सोळा नंबरचेही तेच." समुद्रावर १५६.८ मेगाहर्ट्झ ही जागा म्हणजे सोळावा चॅनेल. संकटातले जहाज तिथे मेडे अशी हाक देते, आणि ती हाक टापूतल्या प्रत्येक जहाजासाठी असते. ती ऐकून न ऐकल्यासारखे करणारा कप्तान गुन्हेगार ठरतो. एकीकडे ऐकणे हा गुन्हा, दुसरीकडे न ऐकणे हा गुन्हा. दोन्हीकडे यंत्र तेच. हाक कोणाला दिलेली आहे एवढाच फरक.

आपल्या मुंबईतच याचे एक उदाहरण घडलेले आहे. १९४२ च्या ऑगस्टमध्ये पुढारी तुरुंगात गेले, वर्तमानपत्रांची तोंडे बांधली गेली, तेव्हा बावीस वर्षांच्या उषा मेहता आणि त्यांच्या सोबत्यांनी चोरून काँग्रेस रेडिओ चालविला. ४२.३४ मीटर ही त्याची लहर. आपल्या गणिताने तीनशेला भागा, सात मेगाहर्ट्झच्या जरा वर येते. पोलीस दिशा शोधणारी यंत्रे घेऊन मागावर होते, म्हणून ठिकाण सारखे बदलावे लागे. १२ नोव्हेंबर १९४२ ला ते पकडले गेले. उषाबाईंना चार वर्षांची सजा झाली आणि त्यांना येरवड्याला ठेवले. तो रेडिओ ऐकणे सरकारला मान्य नव्हते. पण तो उघड उघड देशातल्या प्रत्येक माणसाला उद्देशून बोलत होता. तो ऐकणाऱ्याने कोणाचे काही चोरले नाही. आणि माझ्या रखवालदाराचे बोलणे एका माणसासाठी होते, तेही त्या माणसाने नीट ऐकले नाही. सरकारने परवानगी दिली की नाही, ही कसोटी मला दोन्हीकडे अपुरी वाटते.

परीक्षेचे थोडे सांगून टाकतो, कारण पुष्कळांना ती पदवीधरांसाठी आहे असे वाटते. केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाची बिनतारी शाखा ती घेते. प्राथमिक विद्युत्शास्त्र आणि नियम, एवढेच विषय. खालच्या श्रेणीला मोर्सची कडकट्ट यावी लागत नाही. बारा वर्षे पुरी झालेले मूलही बसू शकते. माझ्या शेजारी असेच एक मूल बसले होते आणि ते माझ्या आधी पेपर देऊन उठले. दुसऱ्या खेपेला मी पास झालो. पोलीस चौकशी होऊन परवाना यायला वेळ लागतो; माझ्यासारख्याची चौकशी जरा जास्तच झाली असावी. तो आला तेव्हा मास्तरांनी कपाट उघडले.

तो आनंद त्या रात्री एकदम दुप्पट झाला, ते सांगतो. अंतराळस्थानक पृथ्वीपासून सुमारे चारशे किलोमीटर उंचीवरून दर दीड तासाला एक फेरी घालते, आणि त्यात हौशी रेडिओचा संच आहे. तिथून खाली येणारा आवाज १४५.८०० मेगाहर्ट्झवर येतो. अंतराळातून हौशी रेडिओवर पहिल्यांदा बोलले ओवेन गॅरियट, १९८३ साली, अंतराळयानातून; आता शाळांतल्या मुलांशी अंतराळवीर ठरवून बोलतात. यान अंगावर येत असताना कंपनसंख्या साडेतीन किलोहर्ट्झ वर सरकलेली असते, दूर जाताना तेवढीच खाली. रेल्वे इंजिनाची शिट्टी जवळून जाताना बदलते तसे. माझे यंत्र जुने, पाच पाच किलोहर्ट्झच्या पायऱ्यांनी चढणारे, म्हणून मास्तरांनी तीन जागा नेमायला लावल्या: १४५.८०५, १४५.८००, १४५.७९५. आम्ही अंधारात उभे. वेळ झाली, आणि त्या मोडक्या यंत्रातून, अर्ध्या मीटरच्या तांब्याच्या तारेवर, वरचा माणूस बोलू लागला. कुठल्या तरी दूरच्या शाळेशी त्याचे बोलणे चालले होते. मुलांचा आवाज वर जाणारा, तो आम्हांला येत नव्हता. आम्हांला नुसती उत्तरे ऐकू येत होती. मधे शांतता, मग उत्तर. एक उत्तर झोपेविषयी असावे. मास्तर प्रत्येक शांततेत आपला एक प्रश्न हळूच मराठीत विचारीत होते, आणि पुढचे उत्तर त्यालाच आल्यासारखे मान हलवीत होते. नऊ-दहा मिनिटांत यान क्षितिजाखाली गेले.

आता व्यवहाराचे दोन शब्द, कारण सभा संपल्यावर कोणीतरी विचारणारच की, परदेशातल्या नातेवाईकाने असले यंत्र दिले तर घ्यावे काय. माझे उत्तर: परवाना आधी, यंत्र मागाहून. दुसरे असे की, जुने यंत्र फुकट मिळाले तरी त्याच्याकडून फार अपेक्षा ठेवू नये. अमेरिकेतही पोलीस आणि अग्निशामक दले अंकीय पद्धतीवर गेली, पुष्कळ ठिकाणी बोलणे गुप्त लिपीत बांधले गेले, आणि जुन्या स्कॅनरला तिथे करवतीसारखा आवाज तेवढा ऐकू येतो. तिथल्या म्हाताऱ्यांना याचे वाईट वाटते. मला अर्धे वाटते. अग्निशामक दलाचा बंब कुठे चालला आहे हे नागरिकांना कळू नये, हे काही मला पटत नाही. सार्वजनिक पैशाचे काम सार्वजनिक कानांवर पडावे. पण त्याच लहरीवर आजारी माणसाचे नाव-पत्ता आणि रोग सांगितला जातो, तो गावाने का ऐकावा? याचे उत्तर त्या लोकांनी शोधायचे आहे. आपल्याकडे प्रश्न वेगळा आहे: इथे उघडे काय आहे हेच लोकांना माहीत नाही, म्हणून हौशी रेडिओचा पट्टा दिवसचे दिवस ओस पडलेला असतो.

मास्तर आता फार ऐकू शकत नाहीत. मी आठवड्यातून एकदा जातो, यंत्र त्यांच्या कानाशी धरतो. सी क्यू आला की त्यांचे बोट आपोआप टेबलावर कडकट्ट करू लागते.

यंत्र मी आणले आहे, इथे टेबलावर ठेवले आहे. घट काढून ठेवलेले आहेत, कारण सभागृहाच्या या लोखंडी छपराखाली काही ऐकू येणार नाही. ज्यांना पाहायचे असेल त्यांनी पुढे यावे. मुलांना हात लावू द्या, पडले तरी चालेल, ते यापूर्वी दोनदा पडलेले आहे. मात्र डाव्या बाजूचा खालचा खटका आहे तिथेच राहू द्या. तो स्क्वेल्च आहे, आणि त्याची जागा मी पेन्सिलीने खूण करून ठेवली आहे.